नवाबची डावी बाजू

फोटोत खोकड होतं. मोबाइलच्या पडद्यावर दोन बोटांनी ते ताणलं की त्याचे तपकिरी चौकोन होत, आणि उज्वलाच्या मोजणीप्रमाणे सबंध जनावराच्या वाट्याला एकोणीस चौकोन आले होते. त्यांतले वरचे दोन, किंचित गडद, म्हणजे कान. शेपूट म्हणता येतील असे तीन होते. पण त्यांतला एक शेजारच्या दगडाचाही असू शकत होता.

"ढेकूळ हाय," तिचा नवरा दयानंद म्हणाला.

"कान आहेत त्याला."

"ढेकळाला बी असतेत. बारकाईनं बघितलं की."

उज्वला उदगीरच्या एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत असे आणि दयानंद सरकारी कचेरीत होता. त्याचं गाव देवणीच्या वाटेवर. गावामागच्या माळावर एका बोरीच्या झुडपापलीकडे खोकडाचं बीळ होतं. खोकड म्हणजे कोल्ह्याचा धाकटा भाऊ समजावा: अंगानं मांजराहून थोडं मोठं, कान लांब, शेपटीचं टोक काळं. गेल्या मार्चमध्ये पिल्लं बिळाबाहेर खेळू लागली तेव्हा उज्वलाने ती लांबून पाहिली आणि कॅमेऱ्याबरोबर मिळालेल्या साध्या लेन्सने हा फोटो काढला. जवळ जावं तर ती पळत. म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स हवी. म्हणजे निवड आली. उज्वला निवड करू लागली, आणि ती चालू असतानाच पिल्लं मोठी होऊन निघून गेली.

जंगलात फिरणारे नावाजलेले लोक जी लेन्स वापरतात तिच्या किमतीत जुनी मोटार येते, त्यामुळे तिचा प्रश्नच नव्हता. बोर्डाचे पेपर तपासून साठवलेल्या पैशांत दोन बसत होत्या. एक मोठी, दीडशे ते सहाशे मिलिमीटरची. हातभर लांब, वजनाला लहान मुलासारखी, पण फार दूरचं ओढून आणणारी. दुसरी छोटी, सत्तर ते तीनशेची. पर्समध्ये मावणारी, मात्र तिची पोच निम्मीच. मोठीचा फायदा बघावा तर छोटीचा हलकेपणा आठवे. छोटी घ्यावी तर खोकड पुन्हा ढेकूळ व्हायचं. उज्वलाने वर्षभर लोकांचे अभिप्राय वाचले, व्हिडिओ पाहिले, आणि दर वेळी "अजून माहिती पुरेशी नाही" असा निष्कर्ष काढला. लेन्स नव्हती तोवर तिने न काढलेले सगळे फोटो उत्तम होते. ही गोष्ट तिच्या लक्षात आली होती. पण तिने ती फार जवळून पाहिली नव्हती.

यंदाचा मार्च लागला. माळावर पुन्हा पिल्लं दिसली. लातूरच्या कॅमेरा दुकानाचे मालक नागसेन यांनी उज्वलाला या वर्षात दोन्ही लेन्स इतक्यांदा काउंटरवर काढून दाखवल्या होत्या की त्यांचे खोके मऊ पडले होते.

"मॅडम, एक काम करा," ते म्हणाले. "मोठी रविवारपुरती भाड्यानं न्या. वापरून बघा. पण छोटी माझ्याकडं एकच उरलीय आन् दुसरं एक गिऱ्हाईक मागून राहिलंय. रविवारी सकाळी मी फोन करतो. हे का ते, तेवढं सांगा."

"नक्की सांगते."

"गेल्या दिवाळीत बी नक्कीच म्हणला होता तुम्ही."

शनिवारी दुपारी दोघं गावी पोचली. उज्वलाने अंगणात तिपाईवर कॅमेरा चढवला आणि समोरच्या लिंबावरच्या कावळ्याकडे लेन्स वळवली. सासरे भुजंगराव गोठ्यातून बाहेर आले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"सूनबाई, ही तोफ कुणावर?"

"लेन्स आहे, मामा. लांबचे फोटो काढायला."

"ह्याच्यानं नवाबचा फोटू निघंल का?"

नवाब म्हणजे भुजंगरावांचा देवणी खोंड. पांढऱ्याशुभ्र अंगावर काळे ठिपके, काळं तोंड, आणि वशिंड असं की पाहुणे चहा विसरून बघत बसत. तो विकायचा, हे दिवाळीतच घरात ठरलं होतं. भुजंगरावांच्या खांद्याचं दुखणं वाढलेलं, आणि नवाबने एकदा दाव्यासकट त्यांना उकिरड्यापर्यंत नेलेलं. बिदरकडचे, मराठीही कानडी हेलात बोलणारे गुरुपादप्पा खोंड घ्यायला तयार होते. अडलं होतं ते फोटोपाशी. गुरुपादप्पा म्हणाले होते, आधी फोटो पाठवा, मग येतो. आणि भुजंगरावांना एकही फोटो पसंत पडत नव्हता.

"ह्या मोबाइलात बघ," त्यांनी फोन पुढे केला. "डोकं रांजणाएवढं आन् मागं बघावं तर शेळी. असा पाठवून इज्जत घालवू का खोंडाची?"

इथे उज्वला गप्प बसली असती तर पुढचं काही झालं नसतं. पण प्रश्न भौतिकशास्त्राचा होता.

"मामा, तुम्ही तोंडाजवळ उभं राहून काढता. डोकं जवळ, पाठ लांब, म्हणून डोकं मोठं दिसतं. लांब उभं राहून मोठ्या लेन्सनं काढलं की सगळं प्रमाणात येतं. जितकं लांब तितकं चांगलं."

"काढ मग."

नवाबला अंगणात उभं केलं. पण लेन्स इतकी दूरदर्शी की अंगणातून त्याचा फक्त कान येई, तोही अर्धा. उज्वला मागे सरकली. रस्त्यावर गेली, तेव्हा मान आली. समोरच्या हणमंताच्या ओसरीवर गेली, तेव्हा पुढचे पाय आले. शेवटी हणमंताच्या घरातून आरपार जाऊन त्याच्या परसातल्या कडब्याच्या गंजीला पाठ टेकली, दोन्ही दारं उघडी ठेवायला लावली, तेव्हा चौकटीत सबंध नवाब मावला.

भुजंगरावांनी कॅमेऱ्याच्या पडद्याला नाक लावून फोटो पाहिला. सासूबाई कावेरीबाई बोलल्या.

"अगं बया. ह्यो आपलाच का?"

तेवढ्यात हणमंताने मागून मान घातली आणि फोटो आपल्या फोनवर घेतला. चहा होईस्तोवर तो गुराढोरांच्या ग्रुपवर गेला होता. चहा संपेस्तोवर गुरुपादप्पांचा फोन आला.

"अप्पा, फोटो बघितला री. उद्या सकाळीच येतो."

भुजंगरावांनी फोन खिशात ठेवला. त्यांचा चेहरा जरा उतरल्यासारखा उज्वलाला वाटला. तिने तो उन्हाच्या खात्यावर टाकला.

"वहिनी, आमच्या गाईचा बी एक काढा की," हणमंत म्हणाला. "तुमच्यापायी घरातून आरपार वाट दिली."

नाही म्हणण्याजोगं कारण नव्हतं. मग हणमंताच्या चुलत्याची जोडी होती. मग पलीकडच्या दगडोबांचा वानेरा, म्हणजे अंगानं बिनठिपक्यांचा पांढरा आणि तोंडाशी काळा, बैल होता, ज्याला गेल्या प्रदर्शनात परीक्षकांनी नीट बघितलंच नव्हतं असं दगडोबांचं म्हणणं होतं. संध्याकाळपर्यंत अंगणात नऊ माणसं बसली आणि प्रत्येकाचं एक तरी जनावर होतं.

"पण इथं जागा पुरत नाही," उज्वला म्हणाली. "जोडीचा फोटो हणमंतभावजींच्या घरातून येणार नाही. अजून लांब जावं लागेल."

"मग माळावर चला की!" भुजंगराव म्हणाले. "उद्या सकाळी. जितकं लांब तितकं चांगलं, तूच म्हणलीस."

उज्वलाने उगाच तिपाईचे पाय मिटायला घेतले. उद्या सकाळी माळावर तिला एकटीला जायचं होतं. खोकडांची गोष्ट तिने दयानंदखेरीज कुणाला सांगितलेली नव्हती. सांगितली तर पोरं दगड घेऊन जातील, कुत्री मागं लागतील, बीळ उकरलं जाईल अशी तिची खात्री होती. त्यामुळे माळ का नको, हे तिला बोलता येईना.

"माळावर ऊन असतं," ती म्हणाली.

"सकाळचं कुठलं आलंय ऊन?"

"वारा सुटतो."

"लई झ्याक. झूल हालंल."

तिने दयानंदकडे पाहिलं. दयानंद सुपारी शोधत होता.

"अहो, सांगा ना काहीतरी," आत गेल्यावर ती म्हणाली.

"काय सांगू? माळ काय आपल्या नावावर हाय का?"

दुसऱ्या दिवशी ती फटफटायच्या आत उठून माळावर गेली. बोरीच्या आड तिपाई लावली, अंगावर मातकट ओढणी घेतली आणि बिळावर नेम धरून बसली. बीळ स्पष्ट दिसत होतं. बिळाच्या तोंडाशी मऊ माती होती, मातीत पंजे उमटले होते. फक्त खोकड नव्हतं. सूर्य हातभर वर आला तरी नव्हतं.

मग गावाकडून घुंगरं ऐकू आली.

आधी एक, मग पुष्कळ. माळाच्या उतारावरून देवणी जनावरांची रांग चढत होती. शिंगांना नवा रंग, पाठीवर पोळ्याच्या झुली, गळ्यात घागरमाळा. पुढे भुजंगराव, पांढरा फेटा बांधून. मागे माणसं, बायका, आणि डोक्यावर चहाची किटली घेतलेल्या कावेरीबाई. सगळी वरात सरळ बोरीच्या झुडपाकडेच आली. सबंध माळावर सपाट जागा तेवढीच होती.

उज्वला उभी राहिली आणि ओढणी झटकली. यंदाचंही वर्ष गेलं, असं तिने मनाशी म्हटलं, आणि कॅमेरा हणमंताच्या गाईकडे वळवला.

तासाभरात ती चांगली सरावली. जनावर बिळाच्या बाजूला उभं राही, ती दूर जाऊन फोटो घेई, मालक पळत येऊन पाही आणि म्हणे, "शिंगं बारीक आली." शिंगं होती तेवढीच आलेली असत. गुरुपादप्पा मोटारसायकलवरून आले तेव्हा दगडोबांच्या वानेऱ्याचं तिसऱ्यांदा चाललं होतं.

गुरुपादप्पा सावकाश माणूस. त्यांनी नवाबचे दात पाहिले, खूर पाहिले, वशिंडावर थाप मारली, अंगावरचे केसांचे भोवरे बोटाने तपासले. खोटा, म्हणजे अशुभ मानतात तसला, भोवरा एकही निघाला नाही. चालवून पाहिला. मग ते भुजंगरावांसमोर उभे राहिले.

"फोटोत होता तस्साच आहे री. मला पसंत. तुम्ही बोला."

"डावी बाजू न्हाई आली," भुजंगराव म्हणाले.

"कसली डावी?"

"फोटूत. काल उजव्या अंगानं काढलाय. सूनबाई, डावीकडनं घे एक."

उज्वलाने डावीकडून घेतला. गुरुपादप्पांनी बघून मान हलवली. भुजंगरावांना समोरून हवा झाला. समोरून घेतला. मग मागून. मग मान वर केलेला. मग उन्हाकडे तोंड करून, कारण सावलीत काळा ठिपका निळसर येतो.

"अप्पा, जनावर समोर उभं आहे," गुरुपादप्पा म्हणाले. "फोटो कशाला री आता?"

"नीट ठरवावं लागतंय. घाई कामाची न्हाई. ह्या बाजूनं कसं दिसतंय, त्या बाजूनं कसं दिसतंय, सगळं बघायला नको का?"

उज्वलाने डोळा कॅमेऱ्यावरून काढला. हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. शब्द वेगळे होते, पण आवाज तिचाच होता. लातूरच्या दुकानात, काउंटरशी, ती याच आवाजात बोलत असे.

आणि तेव्हाच तिला नवाबच्या मागच्या पायांमागे काहीतरी हललेलं दिसलं.

बिळाच्या तोंडाशी एक पिल्लू बसलं होतं. दुसरं त्याच्या पाठीवरून बाहेर आलं. तिसरं सरळ गुरांमध्ये शिरलं आणि खुरांजवळून उडणाऱ्या नाकतोड्यावर झेपावलं. घुंगरांची त्यांना काडीमात्र भीती नव्हती. उज्वलाला कारण चटकन उमगलं: रोज गुरं इथेच चरतात, घंटांचा आवाज या पिल्लांच्या जन्मापासूनचा. अनोळखी होती ती बोरीमागे पहाटेपासून दबा धरून बसलेली, ओढणी घेतलेली तीन पायांची वस्तू.

तिने हळूच लेन्स वळवली. पिल्लू नाकतोड्यामागे धावत तिच्याकडेच येत होतं. चौकटीत आधी सबंध पिल्लू आलं, मग अर्धं, मग एक डोळा, मग नुसता तपकिरी धूर. लेन्स घुर्र घुर्र करीत पुढंमागं फिरू लागली. आठ-नऊ फुटांच्या आतलं तिला दिसतच नव्हतं, आणि पिल्लू आता पाच फुटांवर बसून नाकतोडा खात होतं. मागे सरकावं तर पाठीशी हणमंताची गाय.

"आत्या," ती ओठ न हलवता म्हणाली, "हलू नका. कुणी हलू नका. तिथं ती..."

"खोकडाची पिल्लं व्हय?" कावेरीबाई चहा ओतत म्हणाल्या. "म्हाईत हाय की."

"कुणाला?"

"सगळ्यांला. दयानंदानं मला मागच्या सालीच सांगितलं, कुणाला बोलू नको म्हणून."

"मग?"

"मग मी बी सांगताना हरेकाला तेच सांगितलं."

"आमी कुत्री बांधून आलोय वहिनी, तुमच्यापायी," हणमंत दबक्या आवाजात म्हणाला. "पोरांना बी दम दिलाय. पर तुमी काय बोलून नाही राहिल्या, म्हणून आमी बी गप."

उज्वलाने दयानंदला शोधलं. तो आभाळाकडे बघत होता. त्याच्या हातात तिचा फोन होता, आणि तो वाजू लागला. उज्वलाचे दोन्ही हात लेन्सखाली अडकलेले. त्याने बटण दाबून फोन तिच्या तोंडापुढे धरला. तो धरताना त्याच्याकडून आवाज मोठा झाला.

"मॅडम, नागसेन बोलतोय!" सगळ्या माळाने ऐकलं. पिल्लाने एक कान वळवला. "ते गिऱ्हाईक समोर येऊन बसलंय. छोटी त्याला देऊन टाकू का? मोठी ठेवताय का तुम्ही?"

"नागसेनभाऊ, मला अजून जरासं..."

"जरासं काय जरासं?" भुजंगराव एकदम म्हणाले. "वरीस झालं! हे भिंग का ते भिंग, एवढं ठरंना का तुला? आमी काय बघून नाही राहिलो?"

"आणि तुम्हाला किती झालं, अप्पा?" गुरुपादप्पांनी शांतपणे विचारलं.

कुणीतरी फिसकन हसलं. बहुधा दगडोबा. भुजंगराव गुरुपादप्पांकडे वळले, मग सुनेकडे.

"सूनबाई, घे गं आणखी एक. खालच्या अंगानं..."

"मामा," उज्वला म्हणाली, "आता बाजूच उरली नाही."

भुजंगरावांनी नवाबच्या वशिंडावर हात ठेवला. बराच वेळ तो तिथेच राहिला. नवाबने शेपटीने एक माशी उडवली.

"न्हाई इकायचा," ते म्हणाले. पहिल्यांदा स्वतःशी, मग गुरुपादप्पांना ऐकू जाईल असं. "पाव्हणं, न्हाई इकायचा मला. खांदा दुखंल तर दुखंल."

"मला पहिल्या फोनलाच कळलं होतं री," गुरुपादप्पा म्हणाले आणि कावेरीबाईंकडून चहा घेतला. "पण तुम्ही बोलल्याशिवाय मी कसं समजायचं?"

"मी बी दिवाळीपासनं हेच बघून राहिले, कवा बोलतेत," कावेरीबाई म्हणाल्या. "उगं त्या मोबाइलवर राग."

"हॅलो?" फोनमधून आवाज आला. "हॅलो मॅडम? ते खोंडाचं झालं असलं तर लेन्सचं सांगता का? गिऱ्हाईक उठून पैसे काढून राहिलंय."

माळावरच्या सगळ्यांनी उज्वलाकडे पाहिलं. गुरुपादप्पांनी चहाचा घोट तोंडातच ठेवला. पिल्लू नाकतोडा संपवून आणखी जवळ आलं होतं आणि तिपाईचा एक पाय हुंगत होतं. कॅमेऱ्यातून बघितलं तर अजूनही नुसता तपकिरी धूर दिसत होता. उज्वलाने डोळा बाजूला घेतला. शेपटीच्या टोकाचा काळा रंग, कानांच्या आतले बारीक पांढरे केस, नाकाला चिकटलेला नाकतोड्याचा एक पाय. सगळं साध्या डोळ्यांना अगदी नीट दिसत होतं, आणि ते तीनशेतच काय, त्याहून कमीतही आरामात मावलं असतं.

"हॅलो? देऊ का त्यांना?"

"नाही," उज्वला म्हणाली. शेवटच्या बाकावर ऐकू जावं अशा वर्गातल्या आवाजात म्हणाली. "छोटी माझी आहे, नागसेनभाऊ. त्या गिऱ्हाइकाला उठवा."